आपल्या घरात मागत नाहीत

३ मार्च

फुग्या,

प्रिय वगैरे मुद्दामच लिहीत नाही. आधी भांडण, मग प्रिय.

फोन करणार होते, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं म्हणणं अर्धंच राहतं. पत्रात तुला गप्प बसून ऐकावंच लागतं. तर बस आणि ऐक.

काल धाकट्या मावशीचा फोन आला. आवाजात इतका गोडवा, की मी तेव्हाच ओळखलं, कोणाचं तरी वाईट झालंय. म्हणाली, "अगं, तुझ्या भावाने म्हणे बायकोकडे पोटगी मागितली." मी म्हटलं, मावशी, ऐकण्यात चूक झाली असेल, बायकोने मागितली असेल. तर म्हणे, "नाही गं, कोर्टात अर्ज दिलाय. सगळीकडे झालंय." सगळीकडे कोणी केलं हे वेगळं सांगायला नको.

खरं आहे का हे?

घटस्फोट घेतलात, मी चकार शब्द काढला नाही. वीस वर्षं संसार करून नाही पटलं तर नाही पटलं. तुम्ही भांडीसुद्धा आपटली नाहीत, मग मी कशाला आपटू? पण पोटगी? धडधाकट माणूस, दोन हात, दोन पाय, हातात कला, आणि बायकोपुढे हात पसरतोस? मावशीच्या घरी आता चार महिने दुसरा विषय निघणार नाही. नाक कापलंस रे पार.

मी सव्वीस वर्षांची असताना नवऱ्याने मला सोडलं. घेतली मी त्याची एक दमडी? बाबा चारचौघांत म्हणाले होते, "आपल्या घरात मागत नाहीत." तू तेव्हा दारात उभा होतास, हातात सायकलचा पंप घेऊन. मोठा झालास तेव्हा काचकाम शिकायची मास्तरांची फी मी भरली, माझ्या नर्सच्या पगारातून. ते हात असे पसरायला शिकवले नव्हते मी.

अर्ज मागे घे. पैशाची नड असेल तर माझ्याकडे ये. माझी पेन्शन दोघांना रेटून पुरेल.

तुझी ताई

&nbsp;

१० मार्च

ताईस,

तू प्रिय शेवटी ठेवलंस, मग मीही नमस्कार शेवटीच करतो.

हो, मागितली. मावशीने पहिल्यांदाच खरी बातमी पोचवली, तिचं अभिनंदन कर.

आता तू ऐक. लग्न झालं तेव्हा कमावता मी होतो. प्रयोगशाळांची काचेची भांडी करत होतो, दिवसभर ज्योतीपुढे बसून नळ्या फुगवत होतो, आणि बायको, म्हणजे आपली डॉक्टरीण, सर्जरी शिकत होती. ती वर्षं घर माझ्या फुंकरीवर चाललं. मग तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. तिथे काचकामाचं एक दुकान नाही. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं, ज्याचा पगार जास्त त्याची नोकरी ठेवायची. तिचा जास्त निघाला. पुन्हा बदली झाली, पुन्हा टेबलावर बसलो, पुन्हा तिचाच जास्त निघाला. निघणारच ना! एकाला बाकावर बसवल्यावर शर्यत कोण जिंकणार?

मग लेक झाली. तिच्या आईला रात्रीअपरात्री ऑपरेशनला बोलावणं यायचं. मग सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या. मी नोकरी सोडली असं कधी म्हणालोच नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, "सध्या थांबलोय." सोळा वर्षं मी सध्या थांबलोय, ताई.

डॉक्टरीण म्हणते, मी तुला थांब म्हटलं नव्हतं. खरं आहे, नव्हतं म्हटलं. पण मी थांबलो म्हणून ती चालली, हेही तितकंच खरं. माझ्या वकीलबाई म्हणतात, पोटगी हा बायकोला किंवा नवऱ्याला केलेला दंड नाही. कोण चांगलं कोण वाईट, हा प्रश्नच तिथे नाही. संसार दोघांचा होता, त्यासाठी एकाने स्वतःचं काम मोडलं आणि दुसऱ्याचं वाढलं, तर मोडलेला पुन्हा उभा राहीपर्यंत वाढलेल्याने टेकू द्यायचा. मी आयुष्यभराची मागत नाही, घरही मागत नाही. हात पुन्हा कामाला लागेपर्यंत तीन वर्षं मागतोय. हीच गोष्ट एखाद्या बाईची असती, तर तूच तिच्या बाजूने पदर खोचून उभी राहिली असतीस.

कोर्टातली गंमत सांगतो. पुकारा करणारा शिपाई कागद बघून ओरडला, "अर्जदार बाई!" कोणीच उठेना. मग मी उठलो. तो म्हणाला, "तुम्ही नाही हो, तुमची मिसेस." मी म्हटलं, "बाई मीच आहे, बोला." बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. आता त्या माझी जागा धरून ठेवतात.

तुझी पेन्शन मला नको. तुझ्याकडून घेतलं तर ती खरी भीक होईल. तिच्याकडून घेईन तो माझा राहिलेला पगार. तुझं म्हणशील, तर मी तुझ्याकडे बघतच मोठा झालो. आमची ताई, जिने एक दमडी घेतली नाही, असं मी मित्रांना छाती फुगवून सांगायचो. पण तू तू आहेस आणि मी मी.

आता नमस्कार.

फुग्या

&nbsp;

१८ मार्च

फुग्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. वकीलबाईंनी चांगलंच पढवलंय तुला. टेकू काय, शर्यत काय! तू असा बोलणारा नव्हतास.

मला वाटतं तू मनातून खचलायस, आणि खचलेल्या माणसाला कोणी काहीही गळी उतरवतं. वॉर्डात मी असे खूप पाहिलेत. ऑपरेशनला घाबरलेला माणूस शेजारच्या खाटेवरच्याचाही सल्ला ऐकतो. तुझ्या त्या बाकावरच्या बायका तशाच.

पुढच्या आठवड्यात गुडघा दाखवायला मला मोठ्या दवाखान्यात जायचंय. कुठल्या, ते विचारू नकोस. बाकीचं मी बघते. लोकांत हसं होण्याआधी घरातल्या घरात मिटलेलं बरं असतं.

जेवतोस ना नीट? भाड्याच्या खोलीत पाणी येतं का?

ताई

&nbsp;

२ एप्रिल

प्रिय ताई,

पाणी येतं. जेवतोही. सोळा वर्षं चार माणसांचा स्वयंपाक केलेला माणूस उपाशी मरत नाही, काळजी नको.

तू म्हणतेस हातात कला आहे. सगळेच तसं म्हणतात. डॉक्टरणीच्या वकिलाने तर कोर्टात लिहून दिलंय, "अर्जदार कुशल कारागीर असून केव्हाही कमावू शकतो." तेच वाटून मीही अर्ज देण्याआधीच, या गावी खोली घेतल्या घेतल्या, मास्तरांकडे गेलो होतो. ते अजून बसतात दुकानात, डोळ्यांवर तोच निळा चष्मा. मला बघून म्हणाले, "आलास? बस." जसा काही मी चहा प्यायला बाहेर गेलो होतो.

साधं काम दिलं. नळीत नळी जोडायची, शिकाऊ पोराला पहिल्या वर्षी देतात ते. नळी ज्योतीत धरायची आणि दोन्ही हातांनी सारखी फिरवत राहायची. एक हात किंचित मागे पडला की मऊ झालेली काच पिळवटते. माझी पिळवटली. दुसरी घेतली, तीही पिळवटली. तिसरी कशीबशी जमली, भट्टीत ठेवून सावकाश निवू दिली, आणि सकाळी बघतो तर सांध्यापाशी तडा. संध्याकाळपर्यंत टोपली भरली माझ्या फुटक्या काचेने.

मास्तर बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझे हात फार जपून वागतात. दुखेल की काय अशा भीतीने फिरवतोस. काच म्हणजे आजारी माणूस नाही रे." मला हसू आलं आणि मग रडूही आलं, तेव्हा नाक पुसायच्या निमित्ताने बाहेर गेलो. सासूबाईंची कूस बदलून बदलून हात असे झालेत. तूच शिकवलं होतंस ना पत्रातून, खांद्याखाली एक हात, कमरेखाली दुसरा, झटका द्यायचा नाही, सावकाश वळवायचं. ते इतकं अंगात मुरलंय की आता जात नाही.

मास्तर म्हणतात, दोन-तीन वर्षं रोज बसलास तर हात परत येईल. पगार देणं त्यांना परवडत नाही, आणि आज मी पगाराच्या लायकीचा नाहीही. म्हणून अर्ज. आणि मला कोणी पढवलेलं नाही. फुटलेल्या काचेची टोपली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. अर्ज मागे घेणार नाही. मावशीला सांग, हवं तर मांडव घालून सगळ्यांना बोलाव आणि सांग.

गुडघा कसा आहे?

फुग्या

&nbsp;

१९ एप्रिल

ताई,

तू काय करून बसलीस?

काल तारीख होती. तिचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, "अर्जदाराच्या थोरल्या भगिनी स्वतः माझ्या अशिलांना दवाखान्यात भेटून गेल्या. भावाला कशाची ददात नाही, त्याचं सगळं मी बघते, अर्ज त्याने वकिलाच्या नादाने केलाय, असं त्यांनी सांगितलं." न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

हा तुझा गुडघा होय? माझं काम केलंस की माझ्या कामाचा निकाल लावलास? ज्यांच्याशी लढतोय त्यांनी काही केलं नाही इतकं नुकसान घरच्या माणसाने केलं. पुढच्या तारखेला हे खोडून काढता आलं नाही तर अर्ज फेटाळला जाईल, असं वकीलबाई म्हणतात.

तुला माझी लाज वाटते, एवढंच आहे हे. मला नाही वाटत. हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

फुग्या

&nbsp;

११ मे

फुग्या,

फाडलं नाही. उशीखाली ठेवलं होतं. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहायचं होतं ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, आणि पहिल्यांदा सांगताना सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण, ते मी केलं. डॉक्टरणीच्या केबिनमध्ये ताठ मानेने बसून बोलले. ती फक्त ऐकत होती. निघताना म्हणाली, "ताई, पाणी तरी घ्या." मी पाणीसुद्धा घेतलं नाही, इतका तोरा! जिना उतरताना मात्र गुडघा खरंच दुखायला लागला.

पण तू म्हणतोस ते खरं नाही. मला तुझी लाज वाटली नाही, मला तुझा राग आला. तो का आला ते ऐक.

माझ्या नवऱ्याने सोडलं तेव्हा तो दरमहा काही रक्कम द्यायला तयार होता. स्वतःहून कागदावर लिहून आणलं होतं. माझं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत. माणूस तितकाही वाईट नव्हता, त्याचं मन दुसरीकडे होतं, एवढंच. मी हो म्हणणार होते, फुग्या. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आपल्या घरात मागत नाहीत." अरे, मी मागितलं कुठे होतं? तो देत होता! पण दारात तू उभा, आत काका, मावशी, सगळे माझ्याकडे बघतायत. बाबांनी पेन पुढे केलं आणि "मला काही नको" याच्याखाली मी सही केली.

काय कौतुक झालं माझं! बाबा पाहुण्यांपुढे मला उभं करून सांगायचे, ही बघा माझी स्वाभिमानी मुलगी. पाहुणे माना डोलवून जेवून जायचे. टाळ्यांनी चूल पेटत नाही, बाळा. दिवसा एका दुकानात काम, रात्री अभ्यास, दोन वर्षांत व्हायच्या शिक्षणाला मला चार वर्षं लागली. दवाखान्याच्या खानावळीत महिन्याच्या शेवटी म्हणायचे, "मला भूक नाही." इतकं म्हटलं की पुढे पगार आला तरी तोंडातून तेच निघायचं. मी मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, झाले तरी मैत्रिणी म्हणायच्या, मेट्रन फार कमी खाते.

हा स्वाभिमान मी पस्तीस वर्षं छातीवर बिल्ल्यासारखा मिरवला. मिरवणार नाही तर काय करणार? एवढा महाग पडलेला तो, टाकवत नव्हता. आणि तू लिहिलंस, आमची ताई, जिने एक दमडी घेतली नाही. मग तू उठलास आणि सरळ कोर्टात जाऊन मागितलंस, मोठ्याने, माझ्या डोळ्यांदेखत. तुझं बरोबर असेल, तर मग माझं काय होतं? हे मला सोसवेना. म्हणून मी तुझं बंद पाडायला गेले.

आता सांगते. तुझं बरोबर आहे. आणि माझं चुकलं नव्हतं, माझ्याकडून चुकवून घेतलं होतं. बाबांचा मला आज, या वयात, त्यांना जाऊन बारा वर्षं झाल्यावर, इतका राग आला की भिंतीवरचा त्यांचा फोटो मी काढून कपाटात ठेवला. शेजारीण विचारत होती, भिंत रिकामी का? म्हटलं, रंग द्यायचाय.

तुझ्या वकीलबाईंना विचार, मी साक्षीला आले तर चालेल का. जे बोलले ते खोटं होतं, असं शपथेवर सांगेन.

ताई

&nbsp;

१६ मे

ताई,

ये. चालेल काय, वकीलबाई म्हणाल्या, तुला पाठीवर घालून आणावं लागलं तरी आण.

बाकीचं पत्रात लिहिता येत नाही. मी तेव्हा दारात उभा होतो, आणि मला वाटलं होतं तू जिंकलीस. पंप हातात होता, टायरमध्ये हवा भरायची राहिली होती, मी तीही आनंदाने भरली. बस.

उलटतपासणीत ते तुला छळतील. चिडू नकोस.

तुझा
फुग्या

&nbsp;

२९ जून

प्रिय फुग्या,

सुखरूप पोचले. गुडघा सुजलाय, शेकतेय.

तुला कोर्टाच्या खोलीतून बाहेर काढलं ते बरंच झालं. एका साक्षीत तीनदा मध्ये बोलणारा अर्जदार न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदाच पाहिला असेल! पण त्यामुळे आत काय झालं ते तुला कळलं नाही, आणि गाडीच्या घाईत मलाही सांगता आलं नाही. तुझ्या वकीलबाई त्यांच्या भाषेत सांगतील. माझ्या भाषेत ऐक.

तिचा वकील म्हणाला, "भावाला कशाची ददात नाही, असं आपण सांगितलं होतं?" मी म्हटलं, सांगितलं होतं. "ते खरं होतं?" म्हटलं, नाही. "मग का सांगितलं?" म्हटलं, लाज वाटली म्हणून. तो हसला, म्हणाला, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात. आज खरं बोलताय हे कशावरून समजायचं?" मी म्हटलं, "आज लाज वाटत नाही म्हणून." न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. हसत होत्या असं मला वाटलं, पण शपथेवर सांगणार नाही.

मग तो तुझ्या घरकामावर घसरला. म्हणे, "सासूची सेवा काय, घरोघरी सगळेच करतात." मी विचारलं, "तुम्ही केलीत?" न्यायाधीशबाई म्हणाल्या, साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. मी माफी मागितली. पण प्रश्न विचारून झाला होता ना!

मग मी त्यांना म्हटलं, मला दोन मिनिटं माझ्या धंद्यातलं बोलू द्या. मी मेट्रन होते. अर्धांगाच्या पेशंटला एका कुशीवर पडू दिलं की पाठीला जखम होते, ती हाडापर्यंत जाते, आणि त्या जखमेने माणूस मरतो. माझ्या वॉर्डात पगारी नर्सेस होत्या, पाळ्या लावलेल्या होत्या, मी त्यांच्या मागे हात धुऊन लागायचे, तरी जखमा व्हायच्या. माझ्या भावाची सासू सहा वर्षं अंथरुणावर होती. तिची शेवटची आंघोळ मी घातली. तिच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. लहान मुलासारखी पाठ होती. हे प्रेमाने होतं असं म्हणू नका, प्रेम करणाऱ्यांचे पेशंट मी जखमांनी गेलेले पाहिलेत. हे दिवसरात्र उठून केल्याने होतं. हे काम आहे. या कामासाठी मी बायकांना पगाराच्या पाकिटावर सह्या करायला लावल्यात. इथे तर पाकीटच नव्हतं.

वकील पुढे काही विचारणार होता. तेवढ्यात डॉक्टरीण त्याला म्हणाली, "पुरे." मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

नंतर ती पाण्याच्या टाकीपाशी भेटली. डोळे लाल होते. म्हणाली, "ताई, तुम्ही त्या दिवशी खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ऐकायला इतकं बरं वाटलं की मी खरं मानलं. मला सगळे म्हणतात, तू स्वतःच्या बळावर मोठी झालीस. ते सोडवत नाही हो." मलाही माझं कौतुक सोडायला पस्तीस वर्षं लागली. या वेळी तिने दिलेलं पाणी मी घेतलं.

बाकावरच्या तुझ्या बायका भेटल्या. त्यातली एक मला म्हणाली, "तुमच्या भावाचा नंबर आमच्या आधी लागला, पण आम्ही चालवून घेतलं." चांगल्या आहेत. मी उगाच बोलले होते त्यांना.

ताई

&nbsp;

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

निकाल लागला. तीन वर्षं मागितली होती, दोन मिळाली. रक्कमही मागितली त्याहून कमी. पण मिळाली! निकालात न्यायाधीशबाईंनी लिहिलंय की अर्जदाराने घरी केलेलं काम हे काम होतं, आणि ही रक्कम त्याच्यावर उपकार म्हणून दिलेली नाही. शिपायाने या वेळी पुकारा केला, "अर्जदार साहेब!" मी म्हटलं, बढती झाली वाटतं. बाकावरच्या बायकांनी माझी पाठ थोपटली, मग आपापल्या तारखा सांगितल्या. मी त्यांच्या तारखांना जाऊन बसणार आहे. जागा धरायला कोणीतरी हवं.

दुकानाचं सांगतो. गेल्या आठवड्यात एक जोड अखंड निघाला. मास्तरांनी तो उजेडात धरला, फिरवला, आणि काही न बोलता विकायच्या फळीवर ठेवला. तुला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. त्यांच्या दृष्टीने ही हारतुरे घालून काढलेली मिरवणूकच.

लेकीचा फोन होता. म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणी विचारतात, तुझ्या आईने बाबांना पोटगी का द्यायची? मी सांगते, कारण माझ्या वेण्या त्यांनी घातल्या." मी म्हटलं, तू वकील हो.

एक छोटीशी गोष्ट आहे. एक तारखेला पैसे जमा व्हायचे होते. आज नऊ झाली, अजून आले नाहीत. खोलीचं भाडं थकलंय, पण घरमालक ओळखीचा आहे, थांबेल. डॉक्टरीण कामात असेल, विसरली असेल. पहिलाच महिना आहे, लगेच मागायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. कोर्टात मागणं वेगळं आणि तिला फोन करून "पैसे पाठव" म्हणणं वेगळं. थोडं थांबावं म्हणतो. भाड्यापुरतं या महिन्यात बाहेर एक स्वयंपाकाचं काम धरलंय, दुपारचं. त्यामुळे दुकानात अर्धाच दिवस बसायला मिळतं, पण चालायचंच. तुला काय वाटतं?

फुग्या

&nbsp;

१३ ऑगस्ट

फुग्या,

प्रिय शेवटी. आधी भांडण.

"चालायचंच" काय? दुपारचं दुकान सोडलंस? मग ती दोन वर्षं कशाला मागितली होतीस, दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला? थोडं थांबावं म्हणतोस? सोळा वर्षं थांबलास ते पुरे नाही झालं? "मला भूक नाही" याची सुरुवात अशीच होते, मला विचार. पहिल्या महिन्यात कसंतरीच वाटतं, दुसऱ्या महिन्यात सवय होते, आणि मग एक दिवस लोक तुझ्या न मागण्याचं कौतुक करायला लागतात. तिथून परत यायची वाट नाही.

ती विसरली असेल तर आठवण होईल. मुद्दाम थांबवलं असेल तर तुझ्या वकीलबाई आहेतच. तुझ्या बाजूने काही वेगळं करायचं नाही. पगार उशिरा आला की कारकुनाच्या खिडकीशी जाऊन जे म्हणतात तेच म्हणायचं, त्याच आवाजात. माझ्या वॉर्डातल्या आया म्हणायच्या, आणि मला त्यांचा तो आवाज फार आवडायचा.

मावशीला मी आपणहून फोन केला. म्हटलं, मावशी, माझ्या भावाला पोटगी मिळाली, सगळीकडे सांग. ती इतकी गडबडली की तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

बाबांचा फोटो पुन्हा भिंतीवर लावलाय. इतकी वर्षं ते बोलले आणि मी ऐकलं. आता ते तिथून ऐकतील. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

प्रिय भावा, हे वाचून झाल्या झाल्या फोन उचल. ती म्हणाली, "आजच कशाला मागतोस?" तर सांग, ताईने सांगितलंय. आपल्या घरात मागतात.

तुझी
ताई